दोन लिंबांचं गिऱ्हाईक

कंट्रोलर जाऊन चार महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला मी एवढे दिवस लावले याचं त्यांना वाईट वाटलं नसतं. घाईत केलेलं काम त्यांना लांबून ओळखू येई. ओळखू आलं की ते बोलत काही नसत, चष्मा काढून पुसायला घेत. चष्मा पुसून होईपर्यंत समोरच्यानं आपली चूक आपण शोधावी, अशी अपेक्षा असे. मी त्या चष्म्यासमोर बरीच वर्षं काढली, त्यामुळे अजूनही एखादं वाक्य लिहून झालं की जरा थांबते.

त्यांचं नाव मला माहीत होतं, पण आमच्याकडे ते कुणी घेत नसे. शहराच्या बससेवेत ते एकतीस वर्षं कंट्रोलर होते, म्हणजे स्टँडवरच्या खोपटात बसून गाड्या वेळेवर सोडणारा माणूस. निवृत्त झाल्यावर नोकरी गेली, हुद्दा राहिला. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘काका’ म्हटलं, तर गाडी थांबवावी तसा हात वर करून त्यांनी मला थांबवलं.

“ड्यूटीवर नाती नकोत. कंट्रोलर म्हणा.”

“बरं, कंट्रोलर.”

“आपण कुठून येता?”

“विश्रांतवाडी.”

“स्टॉप कुठला?”

मी स्टॉप सांगितला. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. या शहरात ‘कुठून येता’नंतर आडनाव विचारतात, आणि आडनाव ऐकलं की पुढचं मनातल्या मनात ठरवतात. आमच्या घरात सगळ्यांनाच त्याची सवय होती. स्टॉप विचारून समाधान झालेला माणूस मला तोवर भेटला नव्हता. संध्याकाळी बाबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “एक तर वेडा असेल, नाही तर फार शहाणा.” बाबा सरकारी नोकरीत होते, अंदाज सहसा चुकत नसे. या वेळी तर दोन्ही खरे निघाले.

आम्ही भाजी पोचवत असू. कोथरूडला आमच्या मालकीणबाईंचा, म्हणजे ताईंचा, छोटा बंगला होता आणि त्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी घरपोच भाजीचा उद्योग काढला होता. नव्या सोसायट्या भराभर उठत होत्या. नवरा हिंजवडीला, बायको बँकेत, दोघं आठला बाहेर पडणार, अशी घरं वाढत होती. अशा घरांना निवडलेली, धुतलेली भाजी साडेसातच्या आत दारात मिळाली, तरच त्यांचा डबा होई. ताई म्हणायच्या, “सात पस्तीसला आलेली भाजी ही भाजी नसते गं, अडगळ असते.” ड्रायव्हर सोपान पहाटे मंडईतून आणि मार्केट यार्डातून माल आणी. गॅरेजमध्ये चार बायका पिशव्या भरत. मग एक टेम्पो सोपान आणि दुसरा त्याचा भाऊ घेऊन निघत. कुठला टेम्पो कुठल्या घरी कितव्या नंबरला जाणार, हे कंट्रोलर ठरवत. मी एम.ए. होऊन आणि कॉम्प्युटरचा एक सहा महिन्यांचा कोर्स करून तिथे लागले होते. पत्ते लिहिणं, याद्या करणं, फोन घेणं, हे माझं काम.

टेम्पो निघायची त्यांची पद्धत बसची होती. खिशात शिट्टी असे. पहिली शिट्टी म्हणजे माल चढला, दुसरी म्हणजे निघा. दोन शिट्ट्यांच्या मध्ये कुणी “अहो, एक कोथिंबिरीची जुडी राहिली” म्हणालं, तर ते म्हणत, “पुढच्या गाडीनं येईल.” पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी असे.

त्यांचा पहिला नियम असा, की गाडी उजवीकडे वळवायची नाही. “उजवं वळण म्हणजे समोरून येणाऱ्याच्या कृपेवर जगणं,” असं ते म्हणत. गॅरेजसमोरच्या सोसायटीत जायला आमचा टेम्पो तीनदा डावीकडे वळे आणि मग रस्ता सरळ ओलांडून समोर येई. समोरची बाई गॅलरीतून ओरडून विचारायची, “अहो, मी आपली येऊन घेऊन जाऊ का पिशवी?” कंट्रोलर तिला खालून सांगत, “आपण ग्राहक आहात. आपण घरात थांबायचं.”

सोपान चांदणी चौकापलीकडच्या गावचा. तो मला हळूच म्हणाला, “म्हाताऱ्याचं उजव्या हाताशी वाकडं हाय का काय वं?” पण महिनाभरानं तोच सांगायला लागला की डावीकडच्या फेऱ्यात डिझेल जास्त जातं, पण डोकं शांत ऱ्हातं.

दुसरा नियम पालेभाजीचा. जवळचं घर आधी, असं त्यांच्याकडे नसे. मेथीचं घर आधी. “मेथी वाट बघत नाही. बटाटा सरकारी नोकर आहे, कितीही वेळ बसवा.” त्यामुळे रोज रात्री कुणी काय मागवलंय ते कळलं की सगळा मार्ग नव्यानं मांडावा लागे. हे ते घरी पेन्सिलीनं करत आणि सकाळी स्वच्छ लिहिलेला कडक कागद घेऊन येत.

नकाशा त्यांना चालत नसे. ताईंनी एकदा शहराचा मोठा नकाशा आणून भिंतीवर लावला. कंट्रोलर त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “छान आहे. पण यात चढ नाही, कुत्रा नाही आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी नाहीत.” त्यानंतर त्या नकाशावर त्यांनी आपली टोपी अडकवायला सुरुवात केली.

त्यांची स्वतःची माहिती दोन लांबट वह्यांत होती. नवीन घर आलं की ते पाच किलो बटाट्यांची पिशवी खांद्याला लावून तिथे जात, जिने मोजत, लिफ्टची वाट बघत, बेल वाजवून दार किती वेळात उघडतं ते पाहत. दार उघडलं की “काही नाही, वेळ घेत होतो” एवढं सांगून परत येत. गेल्यावर त्या घरातून गॅरेजला फोन येई, तो मी घ्यायचा.

वहीत प्रत्येक घराला एक ओळ. ‘बेल बंद. कडी वाजवावी, पण एकदाच.’ ‘लिफ्ट आहे. लिफ्टवर विश्वास नाही.’ ‘कुत्रा. आवाज मोठा, कर्तृत्व नाही.’ ‘जुडी उलगडून प्रत्येक काडी बघतात.’ आणि शेवटच्या रकान्यात बोलण्याची मिनिटं. म्हणजे या दारात सोपानला किती वेळ बोलावं लागेल. दोन, तीन, कुठे शून्य. एका तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांपुढे लिहिलं होतं: ‘मुलगा अमेरिकेत. ६. रविवारी त्याचा फोन येतो, म्हणून सोमवारी ९.’

ताईंना हे पटत नसे. “अहो, आपण भाजी पोचवतो. गप्पा मारायला पाठवतो का गाडी?”

“गप्पा नाहीत, ताई. बोलू दिलं नाही तर तेच बोलणं फोनवर येतं. आणि फोनवर ते वाढून येतं. हिला विचारा.”

मी फोन घेत असल्यामुळे साक्षीला मी. मला मान हलवावी लागली, कारण ते खरं होतं.

हे सगळं साठ घरांपर्यंत छान चाललं. नंतर घरं शंभराच्या वर गेली आणि अडचण सुरू झाली. एक घर वाढलं की कंट्रोलर पूर्ण मार्ग मोडून नव्यानं बांधत. त्याला चार दिवस लागत. ताई फोनवर हसून सांगत, “हो हो, नक्की, सोमवारपासून सुरू करू,” आणि फोन ठेवून कपाळाला हात लावत. चार दिवसांत ते गिऱ्हाईक दुसरीकडे जाई. आणखी दोघांनी तसाच उद्योग काढला होता. ताईंचं सगळं घर या गॅरेजवर उभं होतं. यजमान आजारी, मुलगी शाळेत.

ताईंचा एक भाचा सॉफ्टवेअरमध्ये होता. एका रविवारी तो आला, खुर्चीत उलटा बसला आणि म्हणाला, “मावशी, धिस इज अ व्हेरी सिंपल प्रॉब्लेम यार. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून देतो. अंतरं टाकायची, एन्टर मारायचं, रूट बाहेर. दहा सेकंद.”

“दहा सेकंद?” ताई म्हणाल्या.

“मशीन जुनं आहे म्हणून. नाही तर तीन.”

त्या दिवशी ठरलं, पंधरा दिवस कॉम्प्युटरच्या मार्गानं टेम्पो पाठवायचे. जमलं तर कंट्रोलरांना विश्रांती द्यायची. ताईंनी हे मला दाराआड नेऊन हळू आवाजात सांगितलं. पण दुधीच्या क्रेटांपलीकडे कंट्रोलर टोपी घालत उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीला टोक करता करता, मी विचारलं नसताना, ते म्हणाले, “घरी बसून काय करायचं तेच बघतोय. घरात गाडी एकच, म्हणजे मी. आणि तिला कुठे जायचं नाही.”

ते एवढंच बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांनी माझ्या टेबलासाठी आपली चांगली खुर्चीही दिली. “कॉम्प्युटरला पाठ ताठ लागते,” म्हणाले.

पहिला आठवडा फजितीचा गेला. भाच्यानं प्रत्येक घराला सरसकट दोन मिनिटं धरली होती. कॉम्प्युटरनं सुंदर, आखीव कागद काढला, आणि सोपान आठ वाजून दहा मिनिटांनी परत आला. त्याला कुठे सुकलेली म्हणून मेथी परत मिळाली, कुठे कुत्र्यानं अडवलं, कुठे आजोबांनी हात धरून ठेवला. माझा फोन दुपारपर्यंत थांबला नाही. ताईंनी भाच्याला बोलावलं.

“डेटाच चुकीचा आहे, मावशी. गार्बेज इन, गार्बेज आऊट.”

“मी गार्बेज विकत नाही,” ताई म्हणाल्या. “भाजी विकते.”

कंट्रोलर या आठवड्यात एक अक्षर बोलले नाहीत. टेम्पो निघायची आणि परतायची वेळ तेवढी लिहून ठेवत. आनंद झालेला दिसला नाही. टेम्पो उशिरा आला की त्यांच्या चेहऱ्यावर, गाडी कुणाचीही असो, तोच जुना त्रास दिसे.

शनिवारी मी त्यांच्याकडे वह्या मागितल्या.

“कशाला?”

“वाचायला.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच परत लावला. आपल्या वह्या कुणी वाचायला मागेल असं त्यांना कधी वाटलं नसावं. “सोमवारी परत हव्यात,” एवढंच म्हणाले आणि दोन्ही वह्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

मी त्या खरंच वाचल्या. रविवारी दिवसभर वाचल्या. बाबांनीही वाचल्या आणि ‘कर्तृत्व नाही’पाशी इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आणि मग मला वाटलं, या माणसाचं काम कॉम्प्युटरमध्ये गेलं पाहिजे. कॉम्प्युटरनं त्यांच्या घरांना, आजोबांना, लिफ्टना सरसकट दोन मिनिटं धरावीत, हा मला त्यांचा अपमान वाटत होता. सोमवारी मी लवकर गेले आणि दोन दिवस बसून वह्यांतली ओळ न् ओळ भरली. मेथीचा क्रम, चढ, कुत्रे, बोलण्याची मिनिटं. उजवं वळण टाळायचं कसं ते भाच्याला विचारून घेतलं. तो म्हणाला, “पण का?” मी म्हटलं, “डोकं शांत राहतं.” भरताना मला एकदाही सुचलं नाही की मी काय करते आहे. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला बऱ्याच गोष्टी उशिरा सुचतात.

बुधवारी सोपान सात बावीसला परत आला. गुरुवारी सात वीसला. शुक्रवारी ताईंनी तीन नवीन घरं घातली, मी एन्टर मारलं, आणि तरीही सात चोवीस. गॅरेजमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंचे डोळे भरून आले. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “वाचलो गं.” आणि मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली आणि हात खाली आला. तेव्हा कुठे मला कळलं.

मी कंट्रोलरांसमोर जाऊन उभी राहिले. “मी तुमच्या वह्या आत घातल्या,” म्हटलं.

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“सोमवारचे नऊसुद्धा?”

“तेसुद्धा.”

त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलं. “मग चालणारच,” म्हणाले.

पुढचं ताईंना बोलायचं होतं, आणि त्यांच्यानं बोलवत नव्हतं. दोन दिवस त्या कंट्रोलरांना सारखा चहा देत होत्या. तिसऱ्या दिवशी कंट्रोलरांनीच खिशातून एक कागद काढला. वर मधोमध लिहिलं होतं: ‘कार्यभार हस्तांतरण’. खाली यादी. टेबल एक. स्टूल एक, पाय आखूड, पुठ्ठा लावून वापरावं. घड्याळ एक, दोन मिनिटं पुढे, तसंच ठेवावं. पेन्सिली चार. वह्या दोन. शिट्टी एक.

“चार्ज घ्या,” ते मला म्हणाले. “मोजून घ्या. मोजल्याशिवाय सही करू नका.”

मी पेन्सिली मोजल्या. पाच होत्या. पाचवी त्यांनी उचलून खिशात घातली आणि म्हणाले, “ही माझी.” मी सही केली. ताई हातात कप घेऊन उभ्या होत्या, चहावर साय धरली होती.

“आता शिट्टी कोन मारनार?” सोपाननं विचारलं.

“ज्यांनी सही केली त्या.”

मला शिट्टी वाजवता येत नव्हती. जी वाजली ती ऐकून टेम्पो निघाला नाही, पण बायका हसल्या आणि कंट्रोलरही हसले. मग ते नेहमीसारखे डावीकडून बाहेर पडले.

तीन आठवडे बरे गेले. मग शाळेमागच्या गल्लीत रस्ता खणला. कॉम्प्युटरला ते माहीत नव्हतं. त्यानं सोपानला रोज इमानदारीनं त्या खड्ड्यापाशी नेलं. मी कंट्रोलरांना फोन केला.

“कंट्रोलर, शाळेमागचा रस्ता खणलाय. गाडी कुठून घेऊ?”

“आपण कोण बोलताय?”

“मी बोलतेय!”

“हुद्दा?”

मला माझी सही आठवली. म्हटलं, “कंट्रोलर.”

“मग मला कसं विचारता? मी सेवेत नाही. बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून गाडी हलवायची नसते.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ते स्वतः गॅरेजमध्ये हजर. नवीन ग्राहकाचा फॉर्म मागितला आणि उभ्यानंच भरला. रोज दोन लिंबं. ताईंनी पत्ता वाचला.

“अहो, तुम्ही मंडईच्या मागे राहता!”

“म्हणूनच. मंडईत गर्दी फार.”

“आमचा सोपान लिंबं मंडईतूनच आणतो!”

“ते आपण बघा. मला दारात हवीत. फेरा पडणार नाही, गाडी पहाटे माझ्या घरावरूनच येते. मी पाहिलंय.”

सोपाननं मंडईत लिंबं घेऊन तिथल्या तिथे त्यांना देऊन बघितली. त्यांनी घेतली नाहीत. नोंद न झालेला माल उतरवून घेता येत नाही, म्हणाले. त्यामुळे लिंबं मंडईतून कोथरूडला येत, पिशवीत बसत, माझ्या यादीत चढत, आणि दुसऱ्या पहाटे टेम्पोतून परत मंडईमागे जात. सोपान गावाकडे ही गोष्ट सांगायचा, पण तिथे कुणी विश्वास ठेवत नसे.

चौथ्या दिवशी पहिलं पत्र आलं.

‘महोदया, आज माझी दोन लिंबं चौदा मिनिटं उशिरा मिळाली. चौकशी करता खालीलप्रमाणे आढळलं. काल आपली गाडी शाळेमागच्या खड्ड्यापाशी अडकली. त्यामुळे सोपान उशिरा घरी गेला, उशिरा जेवला, उशिरा झोपला व आज उशिरा उठला. सबब माझी लिंबं. सदर खणकाम मुकादमाच्या सांगण्यावरून अकरा दिवस चालेल, मुकादमाच्या चेहऱ्यावरून एकवीस. तोवर गाडी पाण्याच्या टाकीकडून घ्यावी. टाकीच्या अलीकडची चार घरं मेथीची आहेत, ती आधी करावीत. कार्यवाही कळवावी.’

मी ते पत्र दोनदा वाचलं. बाहेरच्या माणसाला सल्ला देता येत नव्हता, पण ग्राहकाला तक्रार करता येत होती. मी प्रोग्रॅममध्ये शाळेमागची गल्ली बंद केली आणि उत्तर छापलं: ‘महोदय, आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. गाडी उद्यापासून टाकीकडून जाईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ सोपान ते लिंबांबरोबर घेऊन गेला. खड्डा तेवीस दिवस होता.

त्यानंतर आठवड्याला दोन तरी तक्रारी येत. लिंबांवरून सुरुवात होई आणि दुसऱ्या ओळीत कोथरूड येई. ज्येष्ठांच्या पासावर ते रोज पहिल्या बसनं तिकडे जात आणि चालत. नवी एकेरी वाहतूक सुरू झाली, की पाटी लागायच्या आदल्या दिवशी मला पत्र येई. एका पत्रात होतं: ‘तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या मुलाचं अमेरिकेत लग्न ठरलं आहे. सोमवारी यापुढे बारा मिनिटं धरावीत. लग्नानंतर पुन्हा विचार करू.’ त्यात लिंबांचा उल्लेख करायचाच राहून गेला होता. खाली बारीक अक्षरात घातला होता: ‘लिंबं ठीक.’

वर्षभरानं ताईंनी ती सगळी फाईल वाचून काढली. वाचून झाल्यावर लेटरहेडवर स्वतःच्या हातानं आदेश लिहिला: कंट्रोलर यांनी उद्यापासून कामावर रुजू व्हावं. मला म्हणाल्या, “तू जाऊन दे. मी गेले तर चहाच पीत बसेन.”

दार त्यांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. मी कोण ते कळताच त्यांनी मला आत नेऊन फडताळ दाखवलं. वरपासून खालपर्यंत लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या.

“रोज दोन लिंबं! आम्ही दोघं माणसं. गल्लीत आता कुणी बरणी घेईना,” त्या म्हणाल्या. “बाई, यांना कामावर तरी घ्या, नाही तर बरण्या तरी पाठवा.”

कंट्रोलर बनियनवर बसून पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होते. मी आदेश पुढे केला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, उठून आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. मला वाटलं निघालेच. काकूंनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी टोपी आणून दिली. पण त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदाच्या खाली ‘प्रत मिळाली. रुजू होता येत नाही’ असं लिहून सही केली आणि तो मला परत दिला.

“अहो, पण का?” मी म्हटलं. मला रडूच यायचं बाकी होतं. “तुम्हाला तर यायचं होतं ना? माझ्यामुळे तुमचं टेबल गेलं, हे मला रोज…”

“टेबल आहे की तिथेच.”

“तुमच्यासाठी ठेवलंय.”

“त्यावर आपण बसा. मी तिथे बसत होतो तेव्हा मला गॅरेजचं दार दिसायचं. आता सगळं कोथरूड दिसतं.” मग समजूत घालावी तसं म्हणाले, “आणि मी परत आलो, तर तक्रार कोण करणार? सोपान? त्याला लिहायचा कंटाळा.”

“ताई रागावतील.”

“मग त्यांनी लेखी कळवावं.”

मी तीन बरण्या घेऊन परत आले.

पुढे चार वर्षं पत्रं येत राहिली. एखाद्या पत्रातली सूचना आम्ही टाळली आणि दुसऱ्या दिवशी पस्तावलो, असं बऱ्याचदा झालं. हळूहळू मीही सकाळी मोपेडवरून गल्ल्या बघत यायला लागले, आजींशी बोलायला लागले. मार्ग बसत गेला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी लागोपाठ दोन आठवडे मंडईमागून काहीच आलं नाही, तेव्हा मला मनातून जरा अभिमान वाटला. आता जमायला लागलं आपल्याला, असं मी बाबांना म्हणालेही.

मग सोपाननं एक पाकीट आणून दिलं. अक्षर त्यांचंच, पण ओळी कागदाच्या उतरणीला लागलेल्या.

‘महोदया, आज लिंबं वेळेवर मिळाली. कालही मिळाली. गेल्या पंधरवड्यात माझी कोणतीही तक्रार नाही. नोंदीसाठी कळवतो.’

मी खूश होऊन ते ताईंना नेऊन दाखवलं. त्या वांगी निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे न बघता सोपानला विचारलं, “किती दिवस झाले रे ते आजारी आहेत?”